कॅनडात पर्यावरणाचे सरकारी कागद कसे मागावेत: केर्लच्या गळतीवरून आलेल्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे तीन वर्षांपासून अल्बर्टात राहतात, पीआर (कायम रहिवासी) आहेत. केर्लच्या ऑइल सँड्स (तेलमिश्रित वाळू) खाणीतून टेलिंग्जचं, म्हणजे तेल काढून उरलेल्या गाळाचं, पाणी झिरपल्याचं त्यांनी वाचलं. भारतात माहितीच्या अधिकाराचे अर्ज केलेले असल्याने इथेही पाच डॉलर भरून केंद्रीय पर्यावरण खात्याकडे "ऑइल सँड्समधल्या टेलिंग्ज गळतीविषयीची सर्व माहिती" मागितली. महिना संपता संपता पत्र आलं: अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशन अ‍ॅक्ट या इथल्या केंद्रीय माहिती कायद्याच्या कलम ९(१)(ए) आणि (बी) नुसार २७० दिवसांची मुदतवाढ. आता ते विचारतात की हे कायदेशीर आहे का, अर्जात काही चुकलं का, आणि असे अर्ज केल्याने पुढे नागरिकत्व मिळताना अडचण येईल का.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण या धास्तीने आपल्यातले बरेच जण अर्जच करत नाहीत. अडचण येत नाही. अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशन अ‍ॅक्टनुसार माहिती का हवी हे सांगावं लागत नाही. अर्जदाराचं नाव ही वैयक्तिक माहिती असते, तिला प्रायव्हसी अ‍ॅक्टचं संरक्षण आहे आणि ती एटिप ऑफिसच्या, म्हणजे खात्यातल्या माहिती अर्ज हाताळणाऱ्या कार्यालयाच्या, बाहेर जाणं अपेक्षित नसतं. शिवाय व्हिसा किंवा पीआरची फाइल अडली की आपण ज्या जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या आपल्या फाइलच्या नोंदी) मागवतो, त्या याच दाराने येतात. देशात सगळ्यात जास्त अर्ज इमिग्रेशन खात्याकडे जातात ते त्यामुळेच. नागरिक, पीआर किंवा कॅनडात प्रत्यक्ष हजर असलेली कुणीही व्यक्ती अर्ज करू शकते. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाले त्यात आले. पुण्यात बसलेल्या भावाला मात्र स्वतःच्या नावाने अर्ज करता येणार नाही.

आता खरी अडचण. तुम्हाला नकार मिळालेला नाही, उशीर मिळालेला आहे. इथल्या व्यवस्थेत उशीर हाच सगळ्यात वापरातला नकार आहे. भारतातल्या २००५च्या कायद्यात माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो क्वचित होत असेल, पण त्याची भीती असते. इथे उशिरासाठी अधिकाऱ्याच्या खिशाला कसलीही झळ लागत नाही. त्यामुळे अर्ज लिहिताना "मला काय जाणून घ्यायचं आहे" याच्या बरोबरीने "कोणत्या कारणाने हे लांबवता येईल" हाही विचार करायचा आणि ती कारणं अर्जातच बुजवायची. पुढचं सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे.

केर्लचं प्रकरण थोडं सांगायला हवं, कारण अर्ज कुठे करायचा हे त्यावरून ठरतं. ही इम्पीरियल ऑइल कंपनीची खाण फोर्ट मॅकमरेच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. मे २०२२ मध्ये तिथे रंग बदललेलं पाणी दिसलं आणि कंपनीने अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटरला, म्हणजे एईआरला कळवलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी एका साठवण तळ्यातून आणखी ५३ लाख लिटर पाणी बाहेर पडलं. ६ फेब्रुवारीला एईआरने पर्यावरण संरक्षण आदेश काढला, तेव्हा कुठे खालच्या अंगाला राहणाऱ्या अथाबास्का चिपेवायन आणि मिकिस्यू क्री या मूळनिवासी (फर्स्ट नेशन) समाजांना प्रकरण केवढं आहे ते समजलं. मधल्या नऊ महिन्यांत ही माणसं त्याच मुलुखात शिकार आणि मासेमारी करत होती. केंद्र सरकारनेही आपल्याला फेब्रुवारीतच कळल्याचं सांगितलं. मार्च २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने फिशरीज अ‍ॅक्टखाली कंपनीला निर्देश दिला, संसदीय समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एईआरने ५०,००० डॉलरचा दंड लावला. एवढ्या मोठ्या कंपनीला एवढा दंड! ज्यांच्या घरातल्या मुलांनी त्या काळात नदीचे मासे खाल्ले, त्यांना उत्तर म्हणून हा आकडा ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणूनच कुणाला काय, कधी ठाऊक होतं हे कागदावर येणं महत्त्वाचं आहे.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मे २०२२ ते जानेवारी २०२३ या काळातले मुख्य कागद ओटावात नाहीत, अल्बर्टात आहेत. खाणीला परवाना देणारा आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा एईआर हा प्रांताचा. केंद्राचा संबंध येतो तो मासे असलेल्या पाण्यात घातक पदार्थ सोडायला बंदी करणाऱ्या फिशरीज अ‍ॅक्टच्या कलम ३६(३)मुळे, फर्स्ट नेशन्समुळे आणि वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानामुळे. दुसरी गोष्ट, केंद्रातही हे कागद एका खात्यात नाहीत. पर्यावरण खात्याबरोबर पार्क्स कॅनडा, फिशरीज अँड ओशन्स, हेल्थ कॅनडा, पिण्याच्या पाण्यासाठी इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडा, प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे. तुम्ही एकाच दारावर सगळं मागितलंत.

तुमच्या अर्जाची शब्दरचना पाहा. "विषयीची सर्व माहिती" असं लिहिलं की एटिप ऑफिस प्रत्येक संबंधित शाखेला शोध घ्यायला सांगतं. शेकडो मेलबॉक्स, प्रत्येक मेलची दहा उत्तरं, प्रत्येक अहवालाचे सात मसुदे. पानांचा ढीग झाला की ९(१)(ए) लागू होतं: कागद फार आहेत, तीस दिवसांत शोधले तर बाकी काम अडेल. त्यात प्रांताची आणि इतर खात्यांची पत्रं असली की ९(१)(बी): त्यांचा सल्ला घ्यावा लागेल. कंपनीचे कागद असले की ९(१)(सी): त्रयस्थ पक्षाला नोटीस द्यावी लागेल. तुमच्या पत्रात पहिली दोन कारणं आहेत. तीही तुमच्या "सर्व" या शब्दातून आली.

कायदेशीर आहे का? मुदतवाढ देता येते, पण ती वाजवी हवी आणि तिची सूचना मूळ तीस दिवसांच्या आत यायला हवी. पत्रावरची तारीख आणि तुमचा अर्ज व पैसे पोचल्याची तारीख शेजारी ठेवून मोजा. सूचना एकतिसाव्या दिवशी आली असेल तर मुदतवाढ टिकत नाही आणि माहिती नाकारली असं कायदा धरतो. सूचना वेळेत असेल तरी २७० दिवस वाजवी आहेत की नाहीत हा वेगळा प्रश्न उरतोच. संरक्षण खात्याने एका अर्जाला १,११० दिवसांची मुदतवाढ दिली होती. त्या प्रकरणात फेडरल कोर्ट ऑफ अपीलने २०१५ मध्ये ठरवलं की मुदतवाढीचं समर्थन खात्याने करायचं असतं, आणि ती वाजवी नसेल तर तो नकारच ठरतो. म्हणजे तुमच्या हातात तक्रारीचा रस्ता आहे.

ती तक्रार इन्फर्मेशन कमिशनरकडे करायची. इथे पहिलं अपील नावाचा मधला टप्पा नाही. खात्यातल्या वरिष्ठाकडे न जाता थेट कमिशनर. फी नाही, ऑनलाइन फॉर्म आहे, मुदत पत्र मिळाल्यापासून ६० दिवस. आपल्या लोकांची संधी सगळ्यात जास्त इथेच हातची जाते: "आधी थोडं थांबून बघू" म्हणतात आणि साठ दिवस उलटतात. तक्रारीत भावना नकोत. अर्ज क्रमांक, तारखा, मुदतवाढीचं पत्र जोडून तीन मुद्दे लिहा: खात्याने अंदाजे किती पानं आहेत ते सांगितलेलं नाही; कोणाशी किती दिवस सल्लामसलत लागेल ते सांगितलेलं नाही; अर्ज आटोपशीर करायला मदत देऊ केलेली नाही. शेवटचा मुद्दा वजनदार आहे, कारण कलम ४(२.१) खाली अर्जदाराला मदत करणं हे खात्याचं कर्तव्य आहे. हे तिन्ही मुद्दे अर्थातच तुमच्या बाबतीत खरे असतील तरच लिहायचे. जून २०१९च्या दुरुस्तीनंतर कमिशनर बंधनकारक आदेश देऊ शकतात आणि तो मान्य नसेल तर खात्यालाच फेडरल कोर्टात जावं लागतं. मात्र आदेश पाळला नाही म्हणून दंड करायचा अधिकार त्यांना नाही. ही या कायद्यातली मोठी पोकळी आहे आणि ती भरायची इच्छा आजवर एकाही सरकारने दाखवलेली नाही.

तक्रार चालू राहू दे, पण तिच्यावर विसंबून बसू नका. तिला महिने लागतात. त्याच आठवड्यात नवे, छोटे, वेगवेगळे अर्ज टाका. जुना अर्ज मागे घ्या असं एटिप ऑफिस सुचवेल. नवे अर्ज नोंदले गेल्याचे क्रमांक हातात येईपर्यंत तो मागे घेऊ नका. केंद्राकडे अर्जाचे पाच डॉलर सोडले तर शोध, तपासणी, प्रती यांचे पैसे लागत नाहीत. चार अर्जांचे वीस डॉलर होतात. एका मोठ्या अर्जात चार विषय घातले तर सगळ्यात सावकाश हलणारा विषय बाकी तिघांना अडवून ठेवतो. सुटे अर्ज आपापल्या वेगाने येतात.

पण नवा अर्ज लिहिण्याआधी अर्धा दिवस शोधाशोध करा, कारण बरंच काही आधीच उघडं असतं. केंद्राच्या ओपन गव्हर्नमेंट पोर्टलवर पूर्वी उत्तर दिलेल्या अर्जांचे सारांश असतात. "केर्ल", "टेलिंग्ज", "अथाबास्का" हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. दुसऱ्या कुणी मागितलेलं आणि दिलं गेलेलं बाड दिसलं तर त्याचा क्रमांक देऊन तीच प्रत मागा. त्याला फी नाही आणि नव्याने तपासणी नसल्याने ती लवकर येते. त्याच पोर्टलवर मंत्री आणि उपमंत्र्यांसाठी (इथे उपमंत्री म्हणजे खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी) तयार झालेल्या टिपणांची शीर्षकं व क्रमांक महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध होतात. ही यादी म्हणजे या कामातलं सगळ्यात उपयोगी साधन. टिपणाचा क्रमांक देऊन मागितलं की "कागद सापडत नाहीत", "फार आहेत", "अर्ज मोघम आहे" यातलं एकही कारण उरत नाही. संसदीय समितीपुढे उपमंत्री हजर राहिले असतील तर त्यांच्यासाठी बनवलेली माहितीची फाइलही १२० दिवसांत प्रसिद्ध करावी लागते, आणि केर्लवर तर सुनावण्या झालेल्या आहेत. एईआरच्या कम्प्लायन्स डॅशबोर्डवर घटना आणि आदेश दिसतात. ऑइल सँड्स मॉनिटरिंग प्रोग्रॅम हा केंद्र आणि प्रांत मिळून चालवतात, त्याची पाण्याची बरीचशी आकडेवारी खुली आहे. हे सगळं चाळल्यावर जे उरेल तेच मागायचं.

आता अर्जाचा नमुना. अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतो. आशय समजावा म्हणून इथे मराठीत देतो. पार्क्स कॅनडाला असा:

"१ फेब्रुवारी २०२३ ते ३१ जुलै २०२३ या काळात वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घेतलेल्या नदी व तलावाच्या पाण्याच्या नमुन्यांचे प्रयोगशाळेचे अंतिम निकाल, नमुना घेतल्याचं ठिकाण आणि तारखेसह, स्प्रेडशीटच्या मूळ स्वरूपात. ई-मेल, मसुदे, दुबार प्रती आणि बातम्यांची कात्रणं नकोत. मंत्रिमंडळाचे गोपनीय कागद आढळल्यास ते वगळावेत, त्यासाठी सल्लामसलत करू नये. पानांची संख्या तीनशेच्या वर जात असेल तर काम सुरू करण्याआधी मला ई-मेलने कळवावं."

यातला प्रत्येक तुकडा एकेक पळवाट बंद करतो. तारखा आणि ठिकाणामुळे शोध एका शाखेपुरता राहतो. "अंतिम निकाल" म्हटल्याने मसुद्यांवर चालणारं कलम २१, म्हणजे अधिकाऱ्यांचा सल्ला आणि विचारविनिमय, फारसं लागू होत नाही. मंत्रिमंडळाचे कागद स्वतःहून सोडल्याने त्या तपासणीत जाणारे आठवडे वाचतात. ते वीस वर्षं बंदच असतात, हट्ट धरून काही हाती लागत नाही. मूळ स्प्रेडशीट मागितली नाही तर आकड्यांची स्कॅन केलेली पानं येतात आणि प्रत्येक आकडा हाताने उतरवावा लागतो. असे नमुने घेतलेच नसतील तर "कागद अस्तित्वात नाहीत" असं उत्तर येईल. तेही उपयोगाचं आहे: जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या उद्यानात गळतीनंतर पाणी तपासलं गेलं नाही, हे मग सरकारच्याच सहीने सांगता येतं.

प्रयोगशाळेचे निकाल आधी का मागायचे, याला कायद्यातच कारण आहे. कंपनीची माहिती कलम २०(१) खाली झाकता येते, पण सरकारने स्वतः किंवा सरकारच्या वतीने केलेल्या पर्यावरणीय चाचण्यांचे निकाल त्या कलमाखाली रोखता येत नाहीत असं कलम २०(२) सांगतं. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी केलेली चाचणी एवढाच त्याला अपवाद. शिवाय सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा पर्यावरणाचं हित कंपनीच्या नुकसानीपेक्षा स्पष्टपणे मोठं असेल तर २०(६) खाली कंपनीची इतरही माहिती देता येते, व्यापारी गुपितं सोडून. तक्रारीत हे दोन आकडे लिहिले की समोरच्याला कळतं की तुम्ही कलमं वाचलेली आहेत. मर्यादाही ध्यानात ठेवा: २०(२) फक्त कंपनीच्या गोपनीयतेवर मात करतं. चौकशी चालू असेल तर कलम १६ खाली निकाल रोखता येतात आणि तिथे २०(२) कामी येत नाही. केर्लबाबत पर्यावरण खात्याच्या अंमलबजावणी शाखेने चौकशी उघडली होती. म्हणून पाण्याचे निकाल त्या शाखेकडे न मागता, नियमित देखरेख करणाऱ्या शाखेकडे किंवा पार्क्स कॅनडाकडे मागावेत. पाणी एकाच नदीचं असतं, पण फाइल वेगळी असते.

"कुणाला कधी कळलं" हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो केंद्र आणि प्रांताच्या पत्रव्यवहारात दडलेला आहे. प्रांताने गोपनीय म्हणून दिलेली माहिती प्रांताच्या संमतीशिवाय केंद्राला देता येत नाही, हे कलम १३. एईआरलाही ते लागू होतं. यावर उपाय असा की एकाच पत्रव्यवहाराची दोन्ही टोकं मागायची. केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे ५ ते २० फेब्रुवारी २०२३ या पंधरवड्यात एईआरशी झालेले ई-मेल, प्रत्येक साखळीतला फक्त शेवटचा मेल. आणि एईआरकडे अल्बर्टाच्या कायद्याखाली नेमकी तीच मागणी उलट बाजूने. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या मारणारी माणसं वेगळी, कलमं वेगळी, त्यामुळे एकाने झाकलेलं वाक्य दुसऱ्याच्या प्रतीत उघडं सापडण्याची शक्यता असते. दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून वाचायची सवय लावा.

अल्बर्टाचे नियम वेगळे आहेत आणि अलीकडे बदललेत. प्रांताचा जुना माहिती कायदा (फॉइप) जाऊन जून २०२५ पासून नवा कायदा लागू आहे. सुरुवातीची फी २५ डॉलर, मुदत ३० कामकाजाचे दिवस, म्हणजे कॅलेंडरवर किमान सहा आठवडे. शोधाचं काम मोठं निघालं तर वेगळ्या खर्चाचा अंदाज येतो. तो आला की घाबरून अर्ज सोडू नका. सार्वजनिक हिताच्या कारणाने खर्च माफ करण्याची विनंती करा किंवा कालावधी आणखी आखूड करा. तक्रार ओटावाच्या नाही, अल्बर्टाच्या इन्फर्मेशन अँड प्रायव्हसी कमिशनरकडे जाते. दोन्ही तक्रारींची सरमिसळ करू नका. एईआरचा खर्च तेल उद्योगावरच्या आकारणीतून चालतो, आणि अशा संस्थेच्या कारभारावर बाहेरून नजर ठेवायला सामान्य माणसाजवळ या कायद्याखेरीज फारसं साधन नाही. तिथली मुदत लांबवणं हे माझ्या मते चुकीच्या बाजूला दिलेलं झुकतं माप आहे.

एक गोष्ट या कायद्यातून मिळत नाही, ती म्हणजे "का". का कळवलं नाही, पुढे काय करणार, या प्रश्नांची उत्तरं द्यायला एटिप ऑफिस बांधील नाही. ते फक्त असलेले कागद देतं. त्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो आपल्या लोकांना जवळजवळ माहीतच नाही: पर्यावरण याचिका. ऑडिटर जनरल अ‍ॅक्टच्या कलम २२ खाली कॅनडात राहणारी कुणीही व्यक्ती पर्यावरण आणि शाश्वत विकासाच्या कमिशनरकडे लेखी याचिका देऊ शकते. ती संबंधित मंत्र्यांकडे पाठवली जाते, मंत्र्याने १५ दिवसांत पोच आणि १२० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. फी नाही, वकील लागत नाही, एकट्याची सही पुरते. याचिकेत पहिल्या पानावर वस्तुस्थिती, मग क्रमांक घालून आठ-दहा नेमके प्रश्न, प्रत्येक प्रश्न कोणत्या मंत्र्यासाठी ते स्पष्ट. "फिशरीज अ‍ॅक्टखाली प्रांताकडून येणाऱ्या सूचनांची पद्धत फेब्रुवारी २०२३ नंतर बदलली का, बदलली असल्यास कोणत्या तारखेपासून" असा प्रश्न टाळता येत नाही. "सरकार पर्यावरणाची काळजी का घेत नाही" असं विचारलं तर दोन पानं गोड भाषा येते. तुमचा खासदारही मदत करू शकतो: संसदेत लेखी प्रश्न टाकून ४५ दिवसांत उत्तर मागता येतं, फक्त प्रत्येक खासदाराला एका वेळी चारच प्रश्न ठेवता येतात. म्हणून खासदाराकडे तयार मसुदा घेऊनच जा.

पंतप्रधान आणि मंत्र्यांच्या स्वतःच्या कार्यालयांबद्दल फार आशा ठेवू नका. ती कार्यालयं या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं. तिथला एखादा कागद खात्याच्या कामाचा असेल आणि खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला त्याची प्रत मिळणं अपेक्षित असेल तरच तो मागता येतो. लिबरल पक्षाने २०१५च्या निवडणुकीत ही कार्यालयं कायद्याखाली आणायचं वचन दिलं होतं. २०१९च्या दुरुस्तीत काही ठरावीक कागद आपणहून प्रसिद्ध करण्याचं बंधन आलं, अर्ज करण्याचा हक्क आला नाही. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या सरकारकडून हे वचन मोडलं गेलं, म्हणून ते जास्त लागतं.

अर्ज टाकल्यावर कुठे बिघडतं, तेही सांगतो. एटिप विश्लेषकाचा स्पष्टीकरण मागणारा मेल स्पॅममध्ये पडतो, तुम्ही उत्तर देत नाही आणि फाइल सोडून दिलेली समजून बंद होते. पहिले तीन आठवडे रोज स्पॅम पाहा. विश्लेषक फोनवर अर्ज आटोपशीर करायला सुचवेल. बहुतेक वेळा ती माणसं खरोखर मदत करत असतात, त्यांच्याशी सौजन्यानेच वागा. पण फोन ठेवल्याबरोबर ठरलेलं सगळं मेलने लिहून पाठवा, नाहीतर तुम्ही न सोडलेला भागही सोडला असं नोंदलं जातं. बाड आल्यावर काळ्या पट्ट्यांच्या शेजारचे कलम क्रमांक आधी पाहा. कलम १९, म्हणजे व्यक्तींची नावं, यावर वेळ घालवू नका. कलम २१ ऐच्छिक आहे: झाकता येतं याचा अर्थ झाकलंच पाहिजे असा नाही, आणि वस्तुस्थितीची माहिती त्याच्या आड जायला नको. पान कोरं आणि फक्त एक क्रमांक असेल तर कलम २५ काढा: झाकण्याजोगा भाग वेगळा करून उरलेलं देणं बंधनकारक आहे. या प्रत्येकासाठी ६० दिवसांची मुदत नव्याने मोजायची, बाड हातात पडल्यापासून.

किती वेळ लागेल हे मात्र परिस्थितीवर आहे. क्रमांक देऊन मागितलेलं एखादं टिपण महिना-दीड महिन्यात येऊ शकतं. प्रांताचा सल्ला लागणारे ई-मेल वर्षही घेतील. चौकशी खटल्यापर्यंत गेली तर काही कागद खटला संपेपर्यंत दिसणार नाहीत. आणि प्रश्न आजच्या पिण्याच्या पाण्याचा असेल तर या रस्त्याने जाऊच नका. स्थानिक आरोग्य यंत्रणेला फोन करा.

निकाल हाती आले तर ते वाचताना घाई करू नका. आर्सेनिकचंच घ्या. हेल्थ कॅनडाची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, तर गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीसाठी कॅनेडियन मार्गदर्शक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम. ७ आकडा आला तर एका मापाने ठीक आणि दुसऱ्याने जास्त. कोणतं माप लावलं ते लिहिलंच पाहिजे. एकूण धातू आणि विरघळलेले धातू हे दोन वेगळे रकाने असतात. अथाबास्का नदीत वसंतात गाळ खूप येतो आणि एकूण धातूंचे आकडे त्या गाळानेही चढतात, त्यामुळे मे महिन्याचा नमुना फेब्रुवारीच्या नमुन्याशेजारी ठेवून "वाढ झाली" म्हणता येत नाही. आकड्याआधी "पेक्षा कमी" असं चिन्ह असेल तर तो प्रयोगशाळेच्या मोजमापाची खालची हद्द सांगतो, पदार्थ नव्हता असं नाही. वरच्या अंगाचा संदर्भ नमुना त्याच दिवसाचा आहे का, हे पाहिल्याशिवाय काही जाहीर करू नका.

आणि जाहीर करण्याआधी ही फाइल फोर्ट चिपेवायनमधल्या फर्स्ट नेशन्सच्या जमीन आणि पाणी पाहणाऱ्या कार्यालयांना पाठवा. त्यांचे स्वतःचे नमुने आहेत, त्यांची माणसं वर्षानुवर्षं त्या पाण्यावर आहेत, आणि तुमच्या स्प्रेडशीटमधल्या कोणत्या ठिकाणाचा आकडा चुकीचा वाटतो हे ती लगेच सांगू शकतात. त्यांनी काही भाग प्रसिद्ध करू नका म्हटलं तर तो करू नका. शिकारीच्या आणि मासेमारीच्या जागा त्या ठिकाणांत असू शकतात. तुमच्या मुदतवाढीच्या पत्राला किती दिवस झाले ते प्रश्नात नाही. साठ व्हायचे असतील तर आज रात्रीच तक्रार भरा, नवे अर्ज उद्या लिहिले तरी चालतील.